द्रोहोबिचची संत युर त्सेर्क्वा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पश्चिम युक्रेनमधील द्रोहोबिच शहराच्या एका जुन्या उपनगरात संत युर यांचे लाकडी प्रार्थनामंदिर उभे आहे. युक्रेनच्या लाकडी वास्तुकलेची चर्चा निघाली की त्याचे नाव पहिल्या काही नावांत घेतले जाते, मात्र ते मुळात या शहराचे नाही. ते एका खेड्यात बांधले गेले, तेथे अनेक पिढ्यांनी वापरले आणि मग सुटे करून येथे आणून पुन्हा उभारले गेले. या वास्तूविषयी वाचकांना सहसा पडणाऱ्या प्रश्नांची उत्तरे पुढे दिली आहेत.

ही वास्तू नेमकी कोठे आहे आणि तिचे वय किती?

द्रोहोबिच हे ल्विव्ह प्रांतातील शहर कार्पेथियन पर्वताच्या पायथ्याशी वसलेले आहे आणि ल्विव्ह शहरापासून ते सुमारे ७५ किलोमीटरवर आहे. इमारत मूळ गावी १५व्या शतकाच्या अखेरीस किंवा १६व्या शतकाच्या आरंभी बांधली गेली, असे मानले जाते. सध्याच्या जागी ती १६५६ मध्ये आली. तिचे वय विचारणाऱ्याला त्यामुळे दोन उत्तरे द्यावी लागतात, आणि पुढे झालेली बांधकामे मोजली तर तिसरेही. आज दिसणारे तिचे बरेचसे रूप १७व्या शतकाच्या उत्तरार्धातील आणि १८व्या शतकाच्या आरंभीचे आहे.

‘त्सेर्क्वा’ म्हणजे काय? सरळ ‘चर्च’ का म्हणू नये?

चर्च म्हटले तरी चूक नाही, पण एक भेद हातचा निसटतो. युक्रेन आणि पोलंडच्या सीमाभागात पाश्चात्त्य, म्हणजे रोमन कॅथलिक पद्धतीच्या प्रार्थनामंदिराला एक शब्द आहे आणि बायझंटाइन परंपरेने उपासना होणाऱ्या मंदिराला दुसरा. ‘त्सेर्क्वा’ हा दुसरा शब्द. हा भेद केवळ नावापुरता नाही. आत गेल्यावर समोर गर्भगृह थेट दिसते की चित्रांची भिंत आडवी येते, छताकडे पाहिल्यावर सपाट माळा दिसतो की घुमटाची पोकळी, हे त्या शब्दावरून आधीच कळते. ‘युर’ हे संत जॉर्ज यांच्या नावाचे युक्रेनी रूप आहे.

खेड्यातली वास्तू शहरात कशी आली?

ती मुळात नादीयिव या खेड्यात होती. हे गाव आजच्या इव्हानो-फ्रांकिव्ह्स्क प्रांतात, डोलिना शहराजवळ आहे. द्रोहोबिचमधील भाविकांनी ती १६५६ मध्ये तेथून मिळवली आणि आपल्या झ्वारिची या उपनगरात उभारली. परंपरा असे सांगते की तिची किंमत पैशांत नव्हे, तर मिठात चुकवली गेली.

ही कथा जशी सांगितली जाते तशीच घडली असे ठामपणे म्हणता येणार नाही, पण द्रोहोबिचविषयी ती अविश्वसनीय मुळीच वाटत नाही. शहर मिठावरच वाढले; त्याच्या मानचिन्हावरही मिठाचीच नऊ चिन्हे आहेत. येथे मीठ म्हटल्यावर मराठी वाचकाच्या डोळ्यांसमोर खाडीकाठचे मिठागर येईल, पण हा प्रकार वेगळा आहे. जमिनीखालचे खारे पाणी विहिरीतून उपसायचे आणि मोठ्या कढयांत, लाकडाच्या आगीवर, पाणी आटेपर्यंत उकळायचे. झ्वारिची हे नावच या उकळण्याच्या कामावरून पडलेले आहे. तेथे राहणारे लोक मीठ शिजवणारे होते. ज्या वस्तीत मीठ चलनासारखे हाताशी होते, त्या वस्तीने देवाचे घर मिठावर विकत घेतले असेल, तर त्यात नवल मानण्याचे कारण नाही.

अख्खी इमारत दुसरीकडे नेणे शक्य कसे होत असे?

या वास्तूचे सारे मर्म या प्रश्नात आहे, म्हणून उत्तर थोडे सविस्तर द्यावे लागेल.

दगडी इमारत पाडली की तिचा ढिगारा होतो. ओंडक्यांची इमारत उकलली की तिचे सुटे भाग होतात. येथील भिंत खांबांवर उभी नसते. तासून चौकोनी केलेले लांब ओंडके आडवे, एकावर एक रचलेले असतात आणि अशा चार भिंतींची मिळून एक बंद पेटी होते. तिला युक्रेनी भाषेत ‘झ्रुब’ म्हणतात. पेटीच्या कोपऱ्यावर एका भिंतीचा ओंडका दुसऱ्या भिंतीच्या ओंडक्याला आडवा भेटतो. त्या जागी दोन्हींना खाच पाडलेली असते. वरचा ओंडका खालच्याच्या खाचेत बसतो, त्याच्या पाठीवर पुन्हा खाच, तिच्यात आणखी वरचा, असे करत कोपरा वर चढत जातो. छपराचे आणि भिंतीचे वजन जितके खाली दाबते, तितका सांधा घट्ट होतो. एकाच भिंतीतले ओंडके एकमेकांवरून सरकू नयेत म्हणून मध्ये मध्ये उभी भोके पाडून त्यांत कठीण लाकडाच्या खुंट्या ठोकतात, आणि फटींतून वारा येऊ नये म्हणून त्यांत शेवाळ भरतात.

कोपऱ्यापाशी उभे राहून पाहिले तर ओंडक्यांची टोके भिंतीच्या बाहेर आलेली दिसतात. कापलेल्या तोंडावर झाडाची वर्तुळे असतात, मधोमध उन्हापावसाने पडलेली चीर असते आणि कडेला कुऱ्हाडीच्या घावांचे तिरके पैलू असतात. करवतीने कापलेल्या लाकडाचे तंतू उघडे पडतात आणि पाणी पितात, तर कुऱ्हाडीने तासलेल्या लाकडाचे तंतू दाबले जाऊन पृष्ठभाग मिटतो. कुऱ्हाड हातात असताना सुताराने करवत बाजूला का ठेवली, याचे एक कारण हे आहे.

हलवण्याच्या वेळी प्रत्येक ओंडक्यावर त्याच्या भिंतीची आणि थराची खूण करतात, वरून खाली एकेक थर उतरवतात, गाड्यांवर लादून नेतात आणि नव्या जागी खालून वर त्याच क्रमाने बसवतात. कुजलेला ओंडका असेल तर त्याच्या मापाचा नवा तासून घेतात. छपराचे आवरण मात्र बहुधा नव्यानेच करावे लागते.

असे स्थलांतर हा अपवाद होता का?

नव्हता. कार्पेथियन प्रदेशात गावाला मोठी त्सेर्क्वा हवी झाली की जुनी शेजारच्या गरीब गावाला विकण्याची रीत होती. २०व्या शतकातही हे घडत राहिले, फक्त हेतू बदलला. क्रिव्का या गावातील १७६३ ची संत निकोलस त्सेर्क्वा १९३० मध्ये ल्विव्हला आणली गेली. आज ती तेथील खुल्या वास्तुसंग्रहालयात पाहता येते. ट्रान्सकार्पेथियातील, म्हणजे कार्पेथियन पर्वतापलीकडच्या प्रदेशातील, संत मिखाइल त्सेर्क्वेची कथा याहून लांबची आहे. ती १८व्या शतकाच्या अखेरीस एका गावातून मेदवेदिव्त्सी या दुसऱ्या गावात गेली आणि १९२९ मध्ये, हा प्रदेश चेकोस्लोव्हाकियात असताना, थेट प्रागमधील एका टेकडीवरच्या बागेत पोहोचली. ऑक्टोबर २०२० मध्ये ती आगीत सापडली. दोन प्रवास सोसलेली इमारत तिसऱ्या ठिकाणी, बागेत स्वस्थ उभी असताना जळाली.

एकही लोखंडी खिळा न वापरता ती बांधली, हे खरे आहे का?

पर्यटकांना हे वाक्य फार आवडते आणि जवळजवळ प्रत्येक लाकडी त्सेर्क्वेविषयी ते ऐकवले जाते. ते अर्धेच खरे आहे. ओंडक्यांच्या पेटीला खिळ्याची गरज नसते, हे वर सांगितलेच आहे; सांधा खाचेने आणि वजनाने धरला जातो. पण छपरावरच्या लाकडी कौलांना, दारांच्या बिजागऱ्यांना, कड्या-कुलपांना आणि घुमटावरील क्रुसांना लोखंड लागतेच. लोखंड महाग होते आणि ओल्या लाकडात ते गंजून आसपासचे लाकूड खराब करते, त्यामुळे सुतार जेथे टाळता येईल तेथे ते टाळत असत. हे उत्तर दंतकथेपेक्षा कमी रंजक असेल, पण त्यातून सुताराची अक्कल अधिक दिसते.

आतील रचना कशी असते?

पश्चिमेकडून पूर्वेकडे जाणाऱ्या एका रेषेत तीन ओंडका-पेट्या एकमेकींना जोडलेल्या असतात. पश्चिमेची पहिली पेटी म्हणजे ‘बाबिनेत्स’. ‘बाबा’ म्हणजे वयस्क स्त्री. पूर्वी स्त्रिया उपासनेच्या वेळी या भागात उभ्या राहत, म्हणून हे नाव. मधली पेटी सर्वांत रुंद असते, ती मुख्य सभागृह. पूर्वेची पेटी म्हणजे गर्भगृह, जेथे पुरोहित वेदीपाशी उपासना करतो. या परंपरेत भाविक बसत नाहीत, उभे राहतात. जुन्या त्सेर्क्वेतील मोकळ्या जमिनीचे कारण तेच.

संत युर त्सेर्क्वेत या सरळ योजनेला दोन भर आहेत. मधल्या भागाला उत्तरेकडे आणि दक्षिणेकडे गायकांसाठी पैलूदार कोनाडे जोडलेले आहेत, आणि त्यांच्यावरही छोटे घुमट आहेत. त्यामुळे वरून पाहिल्यास आकार क्रुसासारखा दिसतो. दुसरी भर अधिक लोभस आहे. बाबिनेत्सच्या डोक्यावर, वरच्या मजल्यावर, एक स्वतंत्र छोटे उपासनागृह आहे, आणि त्याच्या बाहेरून कमानींची लाकडी गॅलरी फिरते. खालची इमारत बंद, जड आणि काळपट. तिच्या अंगावर ही हलकी, उघडी कमानरांग अशी बसली आहे की पश्चिमेकडून येणाऱ्याचे लक्ष आधी तिच्याकडे जाते.

भिंतीभोवती फिरणारे ते खालचे छप्पर कशासाठी?

त्याला ‘ओपासान्न्या’ म्हणतात. शब्दाचा अर्थ कमरेभोवती पट्टा बांधल्यासारखे वेढणे असा आहे. मराठीत त्याला पडवी म्हणता येईल, फक्त ही पडवी बहुतेक ठिकाणी खांबांवर नसते. कोपऱ्यावर बाहेर येणारी ओंडक्यांची टोके वरच्या थरांत क्रमाने लांब होत जातात आणि पायऱ्या उलट्या धरल्यासारखा आधार तयार होतो. त्या आधारावर हे छप्पर पेलले जाते. लाकडी इमारत खालून मरते. छपरावरून पडणारे पाणी जमिनीवर आपटून उडाले की ते सर्वांत खालच्या ओंडक्याला लागते, आणि तो कुजला की वरचे सारे खचते. ओपासान्न्या ते पाणी भिंतीपासून दूर टाकते. शिवाय लांबच्या वस्त्यांवरून चालत आलेल्या भाविकांना पावसात उभे राहायला आडोसा मिळतो, आणि उपासनेला गर्दी झाली की मागचे लोक येथूनच ती ऐकतात.

छप्पर आणि वरच्या भिंती माशाच्या खवल्यांसारख्या का दिसतात?

कारण त्या ‘गोंत’ नावाच्या लाकडी कौलांनी मढवलेल्या आहेत. एक गोंत हातात घेतली तर ती साधी फळी नाही हे लगेच कळते. तिची एक कड जाड आणि दुसरी सुरीच्या पात्यासारखी निमुळती असते. जाड कडेत लांबीभर खोबण कोरलेली असते. शेजारच्या गोंतीची पातळ कड त्या खोबणीत शिरते. त्यामुळे दोन कौलांमधून पाणी उभे खाली उतरत नाही. गोंत करवतीने कापत नाहीत, ओंडका तंतूंच्या रेषेने फोडून काढतात. तंतू तुटत नाहीत आणि पावसाचे थेंब त्यांच्याच चरांतून ओघळून जातात. पावसात लाकूड फुगते आणि सांधे मिटतात, उन्हात ते आकसते आणि खालची ओल वाळते. धातूचा पत्रा हे करू शकत नाही.

गोंतीचे आयुष्य काही दशकांचेच असते. प्रत्येक पिढीला एकदा तरी छप्पर शाकारावे लागते, आणि गोंत फोडणारा कारागीर गावात उरला नाही की पत्र्याचा मोह होतो.

घुमट कशावर उभे आहेत?

आडव्या ओंडक्यांनी वर्तुळ बांधता येत नाही. सुताराने त्यावर काढलेला मार्ग असा की चौकोनी पेटीच्या चार कोपऱ्यांवर तिरके ओंडके टाकून आठ बाजूंची पेटी करायची, मग ओंडके थराथराने आत झुकवत नेऊन ती निमुळती करायची, पुन्हा काही थर सरळ उभे चढवायचे आणि पुन्हा आत झुकवायचे. प्रत्येक झुकावाला ‘झालोम’, म्हणजे मोड, असे म्हणतात. संत युर त्सेर्क्वेच्या तीनही भागांवर असे घुमट आहेत, मधला सर्वांत उंच, आणि त्यांच्या शिरावर बरोक, म्हणजे १७व्या-१८व्या शतकांतील युरोपच्या अलंकृत शैलीची, फुगीर, नासपतीसारखी टोपी आहे. दगडी चर्चमध्ये रुळलेला तो आकार सुतारांनी लाकडात आणला.

बाहेरून इमारत फार मोठी वाटत नाही. आत मात्र मधल्या भागात उभे राहून वर पाहिले की पोकळी अडथळ्याविना टोकापर्यंत जाते, झुकणाऱ्या भिंतींमुळे ती आहे त्याहून खोल भासते आणि उजेड वरून, अरुंद खिडक्यांतून उतरतो. पायांपाशी संधिप्रकाश आणि डोक्यावर उजेड, ही योजना हेतूपूर्वक केलेली आहे.

भिंतींवरील चित्रे कधीची आहेत आणि ‘इकोनोस्टास’ म्हणजे काय?

चित्रे १७व्या शतकाचा उत्तरार्ध आणि १८व्या शतकाचा आरंभ या काळातील आहेत, म्हणजे वास्तू द्रोहोबिचला आल्यानंतरची. ओंडक्यांच्या भिंतीवर चित्र काढणे सोपे नाही, कारण लाकूड वर्षभर हालत असते. फटींवर कापडाच्या पट्ट्या चिकटवून, त्यावर खडूचा लेप देऊन पृष्ठभाग सपाट करण्याची पद्धत या प्रदेशात होती. आज काही ठिकाणी संतांच्या चेहऱ्यावरून आडवी रेघ गेलेली दिसते. ती चित्रकाराची नाही, दोन ओंडक्यांमधील सांध्याची आहे.

चित्रांचे विषय बायबलमधील आहेत, पण त्या प्रसंगांमागची तटबंदी आणि अंगावरचे कपडे चित्रकाराने आपल्या काळातले, आपल्या भागातले घेतलेले आहेत. वाचता न येणाऱ्या भाविकाला ही भिंत पुस्तकाच्या जागी होती, असे नेहमी म्हटले जाते. मला ते विधान थोडे वरवरचे वाटते. मीठ शिजवणाऱ्या माणसाला हे प्रसंग तोंडपाठ असणार, आणि तो भिंतीत गोष्टीपेक्षा ओळखीच्या गोष्टीतले आपले गाव शोधत असणार.

इकोनोस्टास म्हणजे सभागृह आणि गर्भगृह यांच्यामध्ये उभी असलेली, कोरीव लाकडी चौकटीत बसवलेली पवित्र चित्रांची भिंत. खालच्या रांगेत ख्रिस्त, मरियम आणि त्या त्सेर्क्वेचा संत असतो, मध्यभागी पुरोहिताने ये-जा करण्याचे दुहेरी राजद्वार असते, वरच्या रांगांत वर्षभराचे सण, प्रेषित आणि संदेष्टे असतात, आणि सर्वांत वर क्रूस.

घंटाघर वेगळे का बांधले आहे?

घंटा हलली की तिचा हिसका इमारतीला बसतो. रचलेल्या ओंडक्यांचे सांधे अशा सततच्या हिसक्यांनी सैल होतात, म्हणून गालिसियातील, म्हणजे द्रोहोबिच ज्या ऐतिहासिक प्रदेशात आहे तेथील, बहुतेक लाकडी त्सेर्क्वांचे घंटाघर काही पावलांवर स्वतंत्र उभे असते आणि त्याची बांधणीही वेगळी असते. तेथे आडव्या थरांऐवजी उभे खांब आणि तिरके आधार वापरतात, कारण अशी चौकट डोलून हिसका जिरवते. संत युर यांचे घंटाघर १७व्या शतकातील, चौकोनी आणि भक्कम आहे; वर कमानींची उघडी गॅलरी आणि तिच्यावर उतरते छप्पर. पाहणाऱ्याला जुन्या लाकडी गढीचा बुरूज आठवतो आणि ते साम्य योगायोगाचे नाही. तातारांच्या स्वाऱ्यांच्या काळात लाकडी बुरूज बांधणारे आणि घंटाघरे बांधणारे सुतार एकच विद्या वापरत होते.

ही कोणी बांधली? कारागिरांची नावे माहीत आहेत का?

नादीयिवमध्ये ज्यांनी ती पहिल्यांदा उभारली, त्यांचे नाव परंपरेत उरलेले नाही. द्रोहोबिचला आल्यानंतरच्या मोठ्या पुनर्बांधणीशी मात्र एक नाव जोडलेले आहे: ह्रिहोरी तेस्ल्या. ‘तेस्ल्या’ हे आडनाव असले तरी युक्रेनीत त्या शब्दाचा अर्थच सुतार असा आहे आणि तो लाकूड तासण्याच्या क्रियापदापासून आला आहे. संस्कृतमधील ‘तक्षन्’ आणि आपले ‘तासणे’ हे शब्द त्याच इंडो-युरोपीय मुळातून निघालेले आहेत. द्रोहोबिचचा सुतार आणि आपला सुतार लाकडावर हत्यार चालवताना जवळपास एकच धातू उच्चारत होते, ही गोष्ट शब्दकोश चाळताना लक्षात आली आणि येथे सांगितल्यावाचून राहवले नाही.

ही वास्तू ऑर्थोडॉक्स आहे की कॅथलिक?

काळानुसार उत्तर बदलते. १५९६ च्या ब्रेस्ट कराराने युक्रेनी चर्चचा एक भाग बायझंटाइन उपासना तशीच ठेवून रोमच्या पोपशी जोडला गेला. त्याला पुढे ग्रीक कॅथलिक म्हटले जाऊ लागले. द्रोहोबिच ज्या पेरेमिश्ल धर्मप्रांतात होते, तो मात्र जवळजवळ शतकभर या करारात आला नाही. तो १६९१ मध्ये सामील झाला. म्हणजे त्सेर्क्वा येथे उभारली गेली तेव्हा ती ऑर्थोडॉक्स होती आणि एका पिढीनंतर ग्रीक कॅथलिक झाली. उपासनेचा विधी तोच राहिल्याने वास्तूत त्यासाठी फारसे काही पाडावे-बांधावे लागले नाही.

राज्यकर्ते त्याहून जास्त वेळा बदलले. १७७२ पर्यंत पोलंड-लिथुआनिया, मग ऑस्ट्रिया, दोन महायुद्धांच्या मधल्या काळात पोलंड, त्यानंतर सोव्हिएत संघ, आणि १९९१ पासून स्वतंत्र युक्रेन. सोव्हिएत सत्तेने १९४६ मध्ये ग्रीक कॅथलिक चर्चच बरखास्त ठरवले आणि १९८९ मध्येच त्याला पुन्हा उघडपणे वावरता आले. त्या काळात अनेक त्सेर्क्वा बंद पडल्या, काहींची गोदामे झाली. संत युर त्सेर्क्वा संग्रहालय झाली आणि आजही ती द्रोहोबिचचिना संग्रहालयाच्या अखत्यारीत आहे. भाविकांना हे रुचणारे नसेल, पण भिंतीवरची चित्रे न पुसता उरली त्यात या व्यवस्थेचाही वाटा आहे.

जागतिक वारसा यादीत ती कधी आली? तिच्यासोबत आणखी कोणत्या त्सेर्क्वा आहेत?

युनेस्कोने २०१३ मध्ये पोलंड आणि युक्रेनमधील कार्पेथियन प्रदेशातील १६ लाकडी त्सेर्क्वा एकत्रितपणे यादीत घेतल्या. दोन्ही देशांतील आठ-आठ. त्या चार लोकपरंपरांच्या आहेत. द्रोहोबिच, रोहातिन, झोव्ह्क्वा आणि पोतेलिच येथील त्सेर्क्वा हालिच परंपरेच्या, म्हणजे सपाट आणि पायथ्याच्या भागातल्या. यांपैकी पोतेलिचची १५०२ ची त्सेर्क्वा कुंभारांनी बांधली असे सांगतात, आणि मीठवाल्यांच्या त्सेर्क्वेशेजारी तिचे नाव घेताना बरे वाटते. उझोक (१७४५) आणि मात्किव (१८३८) येथील त्सेर्क्वा डोंगरातल्या बोयको लोकांच्या. त्यांचे तीनही शिखर अनेक टप्प्यांनी वर चढतात. यासिन्या (१८२४) आणि निझ्नी व्हेर्बिझ (१८०८) येथील हुत्सुल या डोंगरी लोकांच्या परंपरेच्या, क्रुसाच्या आकाराच्या. चौथी, लेम्को या डोंगरी लोकांची परंपरा पोलंडच्या बाजूला आहे आणि तिच्यात घंटेचा मनोरा पश्चिम प्रवेशाच्या डोक्यावरच बसवलेला असतो.

पाचशे वर्षांपूर्वीचे लाकूड आजही तेच आहे का?

काही ओंडके जुने, काही बदललेले, छपरावरची गोंत तर अनेकदा बदललेली. लाकडी वास्तूला हा प्रश्न विचारण्याची पद्धतच थोडी अन्यायकारक आहे. दगडी इमारतीत जुना दगड हरवला की काही तरी गेले असे वाटते. येथे ओंडका बदलता यावा म्हणूनच भिंत अशी रचलेली असते. जुन्या सुताराने जेथे खाच पाडली तेथे नव्या सुताराने तीच खाच पाडली, तर वास्तू पुढे चालली. त्याने मात्र तेथे सिमेंट भरले, बाहेरून प्लास्टिकच्या पट्ट्या ठोकल्या किंवा गोंत काढून चकचकीत सोनेरी पत्रा चढवला, तर आतले सारे ओंडके मूळचे असूनही वास्तूची हानीच होते, कारण लाकडाचा श्वास कोंडतो आणि ते न दिसता कुजू लागते. संरक्षित यादीबाहेरच्या अनेक गावांतील त्सेर्क्वांचे हेच झाले आहे, आणि बहुतेक वेळा ते भक्तीपोटी व वर्गणी काढून झाले आहे.

आज तिला आणि तिच्यासारख्या वास्तूंना कोणते धोके आहेत?

ओल, लाकूड पोखरणारे किडे, विजेची जुनी तारजोडणी, पेटत्या मेणबत्त्या आणि वीज कोसळणे हे नेहमीचे. २०२२ पासून त्यात युद्धाची भर पडली. कीव्ह प्रांतातील झावोरिची या खेड्यात १८७३ मध्ये बांधलेली लाकडी त्सेर्क्वा होती, तीही संत जॉर्ज यांचीच. मार्च २०२२ मध्ये रशियन माऱ्यात ती पेटली आणि जळून गेली. युनेस्कोच्या यादीतील आठही त्सेर्क्वा देशाच्या पश्चिम टोकाला आहेत, आघाडीपासून दूर. क्षेपणास्त्रांना अंतराचे बंधन तेवढे राहिलेले नाही, हेही खरे.

भेट द्यायची झाल्यास काय पाहावे?

प्रवासाचा निर्णय अर्थातच युद्धस्थिती आणि आपल्या परराष्ट्र खात्याच्या सूचना पाहून घ्यावा. संत युर यांचा सण पूर्वी जुन्या पंचांगाप्रमाणे ६ मे रोजी येत असे. युक्रेनी ग्रीक कॅथलिक चर्चने सप्टेंबर २०२३ पासून स्थिर सणांसाठी नवे पंचांग स्वीकारल्यापासून तो २३ एप्रिलला येतो. द्रोहोबिचमध्येच लाकडी वास्तूंच्या अभ्यासकांनी न चुकवावी अशी पवित्र क्रुसाची त्सेर्क्वा जवळच आहे, आणि तीही संग्रहालयाकडेच आहे.

संत युर त्सेर्क्वेत शिरण्याआधी एक फेरी बाहेरून मारावी. ओपासान्न्याखाली शिरून कोपऱ्यावरच्या ओंडक्यांच्या टोकांवर नजर ठेवली, तर कोणती टोके काळी पडून गुळगुळीत झाली आहेत आणि कोणती अजून फिकट आहेत, हे ओळखता येते. मग आत जाऊन डोळे अंधाराला सरावेपर्यंत बाबिनेत्समध्ये थांबावे. घुमट त्यानंतर पाहावा.